जीवविचार : हिमजलातील दगडमाशीचे नवे खाते



चातुर्मासाच्या तोंडावर एका वाचक भगिनीचे पत्र आले. घरी धान्याची अडत आहे आणि आचार कडक आहे. पाणी गाळल्यावाचून कोणाच्या ओठाला लागत नाही, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. थोरली कन्या प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि तिने ओढ्यांतील कीटकांचा अभ्यास निवडला आहे. त्या अभ्यासात काही कीटक पकडून मद्यार्काच्या बाटलीत ठेवावे लागतात, हे कळल्यापासून मातेची झोप उडाली आहे. त्या लिहितात : ‘मुलगी म्हणते, आई, ज्या जिवाचे नावच कोणाला ठाऊक नाही, त्याला वाचवणार कोण? मी म्हणते, मारून कसले गं वाचवणे? दोघींचेही मन अस्वस्थ आहे. आपण काय म्हणाल?’

आचाराच्या एका वाक्यात या पत्राचे उत्तर देता आले असते. परंतु एखाद्या जिवाची नवी जात ठरवणे म्हणजे नेमके काय, त्यासाठी काय करावे लागते आणि त्यातून पुढे काय घडते, हे समजून घेतल्याखेरीज या माय-लेकींपैकी कोणालाच न्याय मिळणार नाही. म्हणून आज आपण दूरच्या, अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या हिमरेषेजवळ राहणाऱ्या एका इवल्याशा माशीची हकिगत पाहू.

इंग्रजीत या कीटकांना स्टोनफ्लाय म्हणतात. त्यांचे बालपण वाहत्या पाण्यातील दगडांच्या आश्रयाने जाते म्हणून हे नाव पडले. आपण त्यांना दगडमाशी म्हणू. शास्त्रज्ञांनी या गणाला प्लेकॉप्टेरा हे ग्रीक नाव दिले आहे. वेणीसारखे गुंफलेले पंख असा त्याचा अर्थ. जगभरात या गणाच्या 3,500 हून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि आपल्या पश्चिम घाटातील ओढ्यांतही यांचे काही भाईबंद राहतात. अंड्यातून बाहेर पडलेला जीव, ज्याला निंफ म्हणतात, एक वर्ष आणि काही जातींत दोन-तीन वर्षे पाण्यातच वाढतो. वाढताना तो वारंवार कात टाकतो. अखेरीस तो दगडावर चढून शेवटची कात टाकतो आणि पंख घेऊन बाहेर पडतो. त्यानंतरचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे. अनेक जातींचा नर आपले पोट दगडावर किंवा फांदीवर ठरावीक ठेक्यात आपटतो. मादीला ते कंपन पायांतून जाणवते आणि तीही ठोके देऊन उत्तर देते.

आपल्या परंपरेला हे जग अनोळखी नाही. तत्त्वार्थसूत्रात जिवांची इंद्रिये चढत्या क्रमाने सांगताना कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य ही उदाहरणे दिली आहेत. भ्रमराच्या पंक्तीतील ही दगडमाशी चतुरिंद्रिय ठरते. स्पर्श, रस, गंध आणि रूप तिला कळते. जोडीदाराची साददेखील ती स्पर्शानेच ओळखते. ती ज्या पाण्यात वाढते ते पाणी, तो बर्फ, ते धुके हे सर्व आपल्याकडे अप्काय, म्हणजे स्वतःच जीव मानले गेले आहे.

वाहते, थंड आणि निर्मळ पाणी ही दगडमाशीची गरज आहे. पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. पाणी तापले किंवा त्यात घाण मिसळली की इतर कीटकांच्या आधी ही माशी नाहीशी होते. त्यामुळे ओढ्याचे आरोग्य तपासणारे शास्त्रज्ञ प्रथम तिचाच शोध घेतात.

आता मूळ हकिगत. 1952 मध्ये कॅनडाचे शास्त्रज्ञ विल्यम रिकर यांनी अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील हिमनद्यांच्या प्रदेशात आढळणाऱ्या एका दगडमाशीचे वर्णन प्रसिद्ध केले. आज तिला लेडनिया टुमाना या नावाने ओळखतात. वितळत्या हिमाचे पाणी जिथून ओघळू लागते, त्या उगमाजवळच्या अतिशीत प्रवाहात ती राहते. तिची लांबी एक सेंटिमीटरही भरत नाही. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लेडनिया या वंशात तीच एकटी जात मानली गेली. दूरच्या इतर पर्वतांवर अशा माश्या दिसल्या, तरी त्या तिच्याच असाव्यात असा समज होता.

2010 मध्ये हे चित्र बदलले. युटा राज्यातील ब्रिगहम यंग विद्यापीठाचे रिचर्ड बाउमन यांनी दगडमाश्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवले होते. त्यांनी आर. जी. कॉल यांच्यासमवेत वायोमिंग राज्यातील टेटन पर्वतरांगेतल्या माशीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पर्वताच्या नावावरून तिला लेडनिया टेटोनिका असे नाव दिले. त्याच वर्षी बाउमन आणि बोरिस कोंद्रातिएफ यांनी वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड पर्वतातील लेडनिया बोरिॲलिस आणि कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातील लेडनिया सिएरा या आणखी दोन जाती वेगळ्या केल्या. जिथे एक खाते होते, तिथे एकाच वर्षात चार खाती झाली.

चारही माश्या वरवर सारख्याच दिसतात. मग त्या वेगळ्या कशावरून? दगडमाश्यांची जात ओळखण्याची मुख्य खूण प्रौढ नराच्या पोटाच्या टोकाशी असते. तेथील बारीक पट्ट्यांचा आणि आकड्यांचा आकार प्रत्येक जातीत निराळा असतो. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली, निरनिराळ्या बाजूंनी पाहून त्याची चित्रे काढावी लागतात. मग जुन्या संग्रहांतील नमुने मागवून त्यांच्याशी ताडून पाहावे लागते. मादी, निंफ, सापडण्याचे ठिकाण, उंची, दिनांक, पकडणाऱ्याचे नाव, सर्व टिपावे लागते. हे सारे रीतसर प्रसिद्ध झाल्यावरच नाव ग्राह्य धरले जाते. प्राण्यांच्या नावांच्या या वहीचा आरंभ लिनियसच्या 1758 सालच्या ग्रंथापासून मानतात, आणि एकाच जिवाला दोघांनी नावे दिली तर साधारणतः आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते.

या पद्धतीचा पाया म्हणजे एक निवडलेला नमुना. त्याला होलोटाइप म्हणतात. आपल्या अडतीच्या भाषेत सांगायचे तर ती वानगी. पोत्यातला माल कोणत्या प्रतीचा याबद्दल वाद झाला की आपण राखून ठेवलेल्या वानगीकडे वळतो. त्याचप्रमाणे उद्या कोणी म्हणाले की अमुक ओढ्यातील माशी टेटोनिकाच आहे, तर ती त्या एका राखून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून पाहिली जाते. फरक एवढाच, की बाजारातील वानगी व्यवहार मिटला की संपते. ही वानगी संग्रहालयात पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. आणि ती वानगी म्हणजे एक मृत जीव असतो, हे येथेच स्पष्ट म्हटले पाहिजे.

तर मग या चार खात्यांनी जिवांचे काय हित झाले? व्यापारी कुटुंबांना हे चटकन उमजेल. चार शाखांचा जमाखर्च एकाच खात्यात ओढला, तर एक शाखा बुडत असली तरी एकूण बेरीज बरी दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. खाती निराळी केली की तूट कोठे आहे ते कळते. मोंटानापासून कॅलिफोर्नियापर्यंत एकच जात आहे असे मानले असते, तर ती विस्तृत प्रदेशात सुखरूप आहे असाच निष्कर्ष निघाला असता. चार जाती वेगळ्या झाल्यावर दिसले की प्रत्येकीचे घर म्हणजे आपापल्या पर्वताच्या माथ्यावरील थोडेसे गार पाणी. उष्ण दऱ्या ओलांडून तिला दुसऱ्या शिखरावर सहजी जाता येत नाही. एका पर्वतावरचा बर्फ गेला तर तेथील जात दुसरीकडून भरून निघणार नाही.

आणि बर्फ जातो आहे. मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान 1910 मध्ये स्थापन झाले. 1850 च्या सुमारास त्या प्रदेशात सुमारे 150 हिमनद्या असाव्यात असा अंदाज आहे. हिमनदी म्हणण्याइतक्या आकाराच्या 2015 मध्ये केवळ 26 उरल्या होत्या.

या उद्यानातच दुसरी एक दगडमाशी राहते. तिचे नाव झापाडा ग्लेशियर. तिचे वर्णनही बाउमन यांनीच गॉफिन यांच्यासमवेत 1971 मध्ये केले होते. त्या काळच्या नोंदींमुळे ती उद्यानातील सहा ओढ्यांत राहत असे, हे लिखित होते. काही दशकांनंतर शास्त्रज्ञ पुन्हा त्या सहा ओढ्यांवर गेले. या जातीचे निंफ तिच्या जवळच्या जातींच्या निंफांपासून नुसते पाहून ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांनी डीएनएचीही मदत घेतली. सहापैकी एकाच ओढ्यात ती सापडली. शिवाय अधिक उंचावरील दोन नव्या ठिकाणी आढळली. पाच ओढे रिकामे झाले होते. जुन्या नोंदी आणि जुने नमुने नसते, तर ते पाच ओढे कधी काळी भरलेले होते हेच कोणाला कळले नसते; जिथे नोंद नाही तिथे तूटही दिसत नाही.

लेडनिया टुमानाला कायद्याचे संरक्षण मिळावे यासाठी 2007 मध्ये अर्ज झाला. 2011 मध्ये शासनाने मागणी रास्त असल्याचे मान्य केले, परंतु इतर कामांना अग्रक्रम देऊन निर्णय पुढे ढकलला. अखेर नोव्हेंबर 2019 मध्ये लेडनिया टुमाना आणि झापाडा ग्लेशियर या दोन्ही जातींची संकटग्रस्त म्हणून नोंद झाली. एक सेंटिमीटरही नसलेल्या माशीसाठी एका बलाढ्य राष्ट्राच्या कायद्यात जागा झाली, ती तिला नाव होते म्हणून. निनावी जिवासाठी कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येत नाही.

या हकिगतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढील संशोधनात असे दिसले की या माश्या वाटल्या होत्या त्याहून चिवट आहेत. प्रयोगशाळेत लेडनिया टुमानाच्या निंफांनी नेहमीच्या पाण्याहून बरीच उष्णता थोडा काळ सोसली. भोवतीचे पाणी गोठून बर्फ झाल्यावरही टेटोनिकाचे काही निंफ जिवंत राहिले. जिथली हिमनदी नाहीशी झाली अशा काही ओढ्यांतही थंड पाण्यातील हे जीव अजून तग धरून आहेत. थोडा काळ ताप सोसणे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात नांदणे यांत अंतर आहे. तरीही आशेला जागा आहे. ही आशा आणि ती चिंता, दोन्ही आपल्याला कळल्या त्या कोणीतरी मान खाली घालून नराच्या पोटाच्या टोकाची चित्रे काढली म्हणून.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळू.

प्रथम एक गोष्ट निश्चित. जिवंत माशी मद्यार्कात टाकणे ही हिंसाच आहे. उद्देश चांगला म्हणून तिला अहिंसेचे नाव देता येणार नाही. आपल्या आचारग्रंथांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले आहेत. स्वयंपाकात नकळत घडते ती आरंभी, व्यवसायात घडते ती उद्योगी. येथे तर जाणून, ठरवून जीव घेतला जातो. ज्याला अणुव्रतांचे पालन करायचे आहे, त्याला ही बाब डोळ्याआड करता येणार नाही. मातेची अस्वस्थता हा भाबडेपणा मानू नये. ती शेकडो वर्षांच्या संस्काराची जाणीव आहे. मुलीने तिची थट्टा करू नये.

परंतु मुलीचे म्हणणेही आपल्या परंपरेबाहेरचे नाही. दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. जीव कोठे आहे, कोणता आहे, कशाने दुखावतो हेच ज्याला ठाऊक नाही तो दया कोणावर करणार? आपल्या पूर्वजांनी पाणी गाळण्याचा नियम केला, तो पाण्यात जीव आहेत हे जाणून. त्यांनी तेथेच न थांबता, गळण्यात राहिलेली जीवानी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हळुवार परत पोहोचवण्याची रीत घातली. कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगेलच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. टेटनच्या माशीला सिएराचे पाणी मानवेलच असे नाही, हे विज्ञानाने सूक्ष्मदर्शकाने सांगितले. आपल्या आजीने ते गळण्याने सांभाळले.

मग मार्ग कोणता? माझ्या अल्प बुद्धीला दिसते ते असे. मुलीने अभ्यास सोडू नये, पण त्यात यतना आणावी, आणि या कामात यतनेला पुष्कळ वाव आहे. दगडमाशीने दगडावर सोडलेली शेवटची कात ही निर्जीव वस्तू आहे; तिच्यावरून अनेकदा ओळख पटवता येते आणि तिच्यातून डीएनएही मिळू शकतो. नुसत्या पाण्यात तरंगणाऱ्या डीएनएवरूनही एखाद्या जातीची उपस्थिती ताडण्याच्या पद्धती आता आल्या आहेत. जिवंत कीटकाचे छायाचित्र घेऊन त्याला सोडून देता येते. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका माशीच्या नव्या जातीचे वर्णन केवळ छायाचित्रांवरून करण्यात आले. त्यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. दगडमाशीसारख्या, पोटाच्या टोकावरून ओळखाव्या लागणाऱ्या जिवाला ती पद्धत पुरेशी पडणेही कठीण आहे. तरी जीव न घेता नाव देता येईल का, हा प्रश्न विज्ञानाच्या दारातही उभा राहिला आहे, आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत आपल्या घरची एक मुलगी असली तर बिघडले कोठे?

जिथे नमुना घेण्याला पर्यायच नाही, तिथे तिने स्वतःला काही मर्यादा घालून घ्याव्यात. आधी संग्रहालयातील जुने नमुने पाहावेत. जे तिथे आहे ते पुन्हा पकडू नये. केवळ गुणांसाठी किंवा बाटल्यांची रांग सजवण्यासाठी एकही जीव घेऊ नये. घेतलाच तर अत्यल्प घ्यावा आणि त्याचे ठिकाण, दिनांक, पाण्याचे तापमान इतके चोख लिहून ठेवावे की त्याच कारणासाठी दुसऱ्या कोणाला पुन्हा जीव घ्यावा लागू नये. निष्काळजीपणे लिहिलेली चिठ्ठी म्हणजे वाया गेलेला प्राण. आणि सायंकाळी प्रतिक्रमणाला बसल्यावर त्या जिवाला मोघमपणे नव्हे, तर आठवून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणावे. हे करूनही मन तयार होत नसेल, तर तिने नमुने गोळा करण्यापेक्षा कात, पाणी आणि छायाचित्रे यांवर काम करावे. आपल्या मार्गदर्शकांना तसे नम्रपणे सांगण्यात संकोच बाळगू नये.

मातेलाही एक विनंती आहे. बाटलीतील माशी आपल्याला दिसते, म्हणून टोचते. परंतु ज्यांची कोठेच नोंद होत नाही अशा जिवांच्या हिंसेत आपण सारे भागीदार आहोत. गोदामाचा धुरकट जनरेटर, गरज नसताना धावणारी गाडी, मोरीतून ओढ्यात जाणारे साबणाचे आणि रंगाचे पाणी, यांनी किती पाणी तापले आणि किती ओढे मुके झाले, हे आपल्या जमाखर्चात येत नाही. तिथे कोणी वानगी राखत नाही, म्हणून तूट दिसत नाही. यंदा दिवाळीला चोपडापूजन करताना पेढीवरील डिझेल, वीज आणि पाणी यांचे एक निराळे खाते उघडले आणि वर्षअखेरीस त्यात घट दाखवली, तर ते मुलीच्या संशोधनाइतकेच मोलाचे होईल.

आणि एक गोष्ट माय-लेकींनी मिळून करावी. पावसाळा ओसरला आणि ओढ्याचे पाणी निवळले की मुलीने आईला आपल्या ओढ्यावर न्यावे. पायाखाली पाहत, हलकेच पाण्याशी बसावे. तळहाताएवढा एक दगड अलगद उचलून उलटा करावा. त्याच्या पोटाशी चपटे, दोन शेपट्यांचे, सहा पायांनी घट्ट धरून बसलेले एखादे पिल्लू दिसले, तर मुलीने ते आईला दाखवावे आणि त्याचा इंद्रियक्रम आईने मुलीला सांगावा. मग दगड कोरडा पडण्याआधी जसा होता तसा, त्याच खळग्यात, त्याच बाजूने परत ठेवावा. चांगले कीटकशास्त्रज्ञ असेच करतात. आपल्या आजीनेही जीवानी पोहोचवताना हेच केले होते.